जरी-तरीची जोडी आणि एकटा 'ऑलदो'

मागच्या दिवाळी अंकात या सदरात आपण 'इन', 'ऑन' आणि 'अ‍ॅट' यांच्या नादी लागलो होतो. त्यानंतर वर्षभर मला व्याकरणाचे प्रश्न येत राहिले. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आले, गणपतीत आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत आले, आणि एकदा तर मुलांच्या पोहण्याच्या क्लासबाहेर ओल्या बाकावर बसल्या बसल्या आले. यंदाचे बहुतेक प्रश्न एकाच घराण्यातले निघाले. "मुलाच्या वहीत शिक्षिकेनं 'बट'खाली रेघ का मारली?" "मी 'बिकॉज'नंतर 'सो' म्हटलं तर बिघडलं कुठे?" "'अनटिल'च्या पुढे 'नॉट' घालायचं की नाही, एकदाचं सांग." तेव्हा या वर्षी उभयान्वयी अव्ययं.

नाव ऐकून पान उलटू नका. उभय म्हणजे दोन, अन्वय म्हणजे संबंध. दोघांचा संबंध जोडून देणारा आणि स्वतः न बदलणारा शब्द. लग्न जुळवणाऱ्या मावशींसारखा. दोन शब्द जोडतो (मीठ आणि मिरची), दोन शब्दसमूह जोडतो (दाराच्या मागे किंवा सोफ्याच्या खाली), आणि दोन अख्खी वाक्यं जोडतो (बस आली, पण थांबली नाही). इंग्रजीतलं कंजंक्शन हेच करतं.

साताऱ्याजवळच्या एका मराठी शाळेत मी सहा वर्षं आठवी-नववीला मराठी आणि इंग्रजी दोन्ही शिकवत होते. एकाच दिवशी तिसऱ्या तासाला उभयान्वयी अव्यय आणि पाचव्या तासाला कंजंक्शन, असंही झालेलं आहे. मराठीत त्यांचे आठ प्रकार: समुच्चयबोधक, विकल्पबोधक, न्यूनत्वबोधक, परिणामबोधक हे चार एका बाजूला, आणि स्वरूपबोधक, कारणबोधक, उद्देशबोधक, संकेतबोधक हे दुसऱ्या बाजूला. मुलं ते पाढ्यासारखे म्हणत आणि परीक्षा झाली की विसरत. पण पाचव्या तासाला 'ऑलदो' शिकवताना तिसऱ्या तासाच्या 'जरी-तरी'ची आठवण कुठलंच पुस्तक काढत नसे. दोन विषय, दोन वह्या, दोन कव्हरं. मला वाटतं आपली निम्मी गडबड तिथूनच सुरू होते.

इथल्या शाळांची पद्धत मला त्या मानानं आवडते. इंग्लंडमध्ये 2014 पासून जो अभ्यासक्रम लागू आहे त्यात हे शब्द वयाप्रमाणे हळूहळू वाढले जातात. इयर वनच्या मुलांना फक्त 'अँड'. इयर टूमध्ये 'ऑर' आणि 'बट', आणि त्यांच्या बरोबरीनं 'व्हेन', 'इफ', 'दॅट', 'बिकॉज'. इयर थ्रीमध्ये वेळ आणि कारण सांगणारे 'बिफोर', 'आफ्टर', 'व्हाइल', 'सो', आणि तिथेच 'कंजंक्शन' हा शब्दही पहिल्यांदा शिकवला जातो. त्याआधी इथे शाळेत 'कनेक्टिव्ह' म्हणायची पद्धत होती. तुमचं मोठं मूल तो शब्द वापरत असेल आणि धाकटं वापरत नसेल, तर दोघांचंही बरोबर आहे. इयर सिक्सच्या मे महिन्यात सॅट्स होतात, त्यात व्याकरणाचा 50 गुणांचा, 45 मिनिटांचा पेपर असतो आणि त्यात ही मंडळी हमखास हजेरी लावतात.

मुलं पाठांतरासाठी दोन मंत्र घेऊन घरी येतात. एक 'फॅनबॉइज': फॉर, अँड, नॉर, बट, ऑर, येट, सो. हे सात बरोबरीची वाक्यं जोडतात. दुसरा 'आय सॉ अ वॅबब': इफ, सिन्स, अ‍ॅज, व्हेन, ऑलदो, व्हाइल, आफ्टर, बिफोर, अनटिल, बिकॉज. हे दहा एका वाक्याला दुसऱ्याच्या आश्रयाला पाठवतात. वॅबब नावाचा प्राणी कसा दिसतो यावर आमच्या घरी बरेच दिवस चर्चा चालली होती. माझ्या मुलीच्या चित्रात त्याला दहा पाय आहेत.

आता मूळ प्रश्नाकडे. 'ऑलदो'नंतर 'बट' का नको?

मराठीत वाक्यं जोडताना आपण दोन्ही टोकांना गाठ मारतो. जर–तर, जरी–तरी, जेव्हा–तेव्हा, जोपर्यंत–तोपर्यंत, जिथे–तिथे, जसा–तसा. पहिलं टोक कानावर पडलं की कान दुसऱ्याची वाट बघायला लागतो. इंग्रजीत एकच गाठ पुरते. इथवर बहुतेकांना ठाऊक असतं. गंमत पुढे आहे. घरात बोलताना आपण ही जोडी पूर्ण कुठे वापरतो? "पाऊस पडला तर जाणार नाही." 'जर' गेलं कुठे? गाळलं, आणि कोणाचं काही अडलं नाही. "पाऊस पडला तरी जाणार." 'जरी'सुद्धा गेलं. "बरं नव्हतं म्हणून आलो नाही." इथे 'कारण' नाहीच. म्हणजे मराठी जोडीतलं पहिलं माणूस गैरहजर राहू शकतं, दुसऱ्यानं यावंच लागतं. 'तर' आणि 'तरी' काढून बघा, वाक्य उभं राहत नाही.

इंग्रजीत नेमकं उलट आहे. तिथे पहिलं माणूस ठाण मांडून बसतं आणि दुसरं बहुधा येतच नाही. "इफ इट रेन्स, वी वोन्ट गो." "ऑलदो इट रेन्ड, वी वेन्ट." आपल्या जिभेला साऱ्या वाक्याचा भार दुसऱ्या टोकावर टाकायची सवय, आणि इंग्रजीनं ते टोक मोकळं सोडलेलं. जिना उतरताना शेवटची पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं होतं. म्हणून आपण तिथे स्वतःची पायरी बसवतो: "ऑलदो इट रेन्ड, बट वी वेन्ट." तो 'बट' म्हणजे आपला 'तरी'. "बिकॉज आय वॉज सिक, सो आय डिडन्ट कम." तो 'सो' म्हणजे आपलं 'म्हणून'. हे अज्ञान नाही. मराठी शाबूत असल्याची खूण आहे, फक्त ती चुकीच्या वहीत उमटली आहे.

मुलांना मी एवढंच सांगते की दोघांपैकी एकालाच घरात घ्या. 'ऑलदो' घेतला तर 'बट' बाहेर. 'बट' घेतला तर 'ऑलदो' बाहेर: "इट रेन्ड, बट वी वेन्ट." दोन्ही वाक्यं उत्तम आहेत. 'ऑलदो'च्या वाक्यात पुढे 'स्टिल' किंवा 'येट' आलं तर चालतं. 'इफ'च्या पुढे 'देन' आलं तरी चालतं, मात्र जेवणाच्या टेबलावर तसं बोललं की माणूस वकिलासारखा वाटायला लागतो. आणि इंग्रजीला जोड्या अजिबात माहीत नाहीत असंही समजू नका. 'आयदर–ऑर', 'नायदर–नॉर', 'बोथ–अँड', 'नॉट ओन्ली–बट ऑल्सो' या तिच्या स्वतःच्या जोड्या आहेत. तिथे मात्र एकाला गाळायचं नाही.

याच सूत्रानं स्वल्पविरामाचंही कोडं सुटतं. 'इफ', 'व्हेन', 'ऑलदो'नं वाक्य सुरू झालं की मध्ये स्वल्पविराम, आणि तेच तुकडे उलटे ठेवले की बहुधा नाही: "वी वोन्ट गो इफ इट रेन्स." मुलं विचारतात, असं का? मी सांगते, जिथे मराठीत 'तर' म्हणून थांबला असतात तिथे स्वल्पविराम द्या. इंग्रजीतला तो मुका 'तर' आहे. वाक्य उलटं केलं की 'तर'ची जागाच उरत नाही, मग चिन्हही नको. ही युक्ती माझ्या शनिवारच्या वर्गात आजवर एकाही मुलाला दोनदा सांगावी लागलेली नाही.

'अनटिल'चं उत्तर त्याच खिशात. "जोपर्यंत तू येत नाहीस तोपर्यंत मी थांबते." आपण न येण्याचा सगळा काळ मोजतो, म्हणून 'नाही' हवं. इंग्रजी येण्याच्या क्षणाकडे बोट दाखवते: "आय विल वेट अनटिल यू कम." तिथे 'डोन्ट' घातलं की अर्थाची ओढाताण होते. 'अनलेस'च्या तर पोटातच 'नाही' आहे. शाळेच्या पत्रात मूल सोडण्याबद्दल 'अनलेस' आलं की थांबून वाचा. "असं झालं नाही तर" एवढं सगळं त्या एका शब्दात भरलेलं असतं.

आता थोडं उलट्या बाजूनं, जिथे मराठी श्रीमंत आणि इंग्रजी काटकसरी. "चहा घेणार की कॉफी?" आणि "चहा किंवा कॉफी काहीही चालेल." आपल्याकडे 'की' आणि 'किंवा' वेगळे. पहिल्यात एक निवडायचं आहे, दुसऱ्यात दोन्ही सारखेच. इंग्रजीत दोन्हीकडे एकच 'ऑर', आणि फरक सगळा स्वराच्या चढउतारावर. आमचे सासरे पहिल्यांदा इकडे आले तेव्हा शेजारच्या बाईंनी "टी ऑर कॉफी?" विचारलं आणि त्यांनी प्रसन्न चेहऱ्यानं "येस" म्हटलं. त्यांना 'किंवा' ऐकू आलं होतं. बाईंनी त्यांना दोन्ही दिलं. (दोन्ही प्यायले.)

इथवर वाचून कोणी म्हणेल, 'बट' जास्तीचा पडला तर पडला, समोरच्याला कळलं ना? अगदी कबूल. जास्तीच्या 'बट'मुळे आजवर कोणाचं नुकसान झालेलं मी पाहिलं नाही. नुकसान होतं ते वेगळ्याच शब्दामुळे, आणि तो शब्द सगळ्यात साधा आहे.

माझी एक मैत्रीण (नाव लिहित नाही, मंडळातल्या निम्म्याजणी ओळखतील) दोन वर्षं भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहून यंदा दुसरीकडे गेली. घर सोडताना एजंटनं झोपायच्या खोलीतल्या भिंतीवर काळी बुरशी दाखवली आणि डिपॉझिटमधून सहाशे पौंड कापणार असं कळवलं. तिनं ईमेलनं उत्तर पाठवलं. त्यातलं मुख्य वाक्य असं होतं: "द विंडो वॉज क्लोज्ड अँड द वॉल बिकेम ब्लॅक अँड वी इन्फॉर्म्ड इन फेब्रुवारी." एजंटचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. भाडेकरूनं खिडकी बंद ठेवल्याचं स्वतःच मान्य केलं आहे, तेव्हा कपात योग्य आहे.

ती रडकुंडीला येऊन मला फोनवर म्हणाली, "अगं, हँडल तुटलं होतं म्हणून खिडकी उघडतच नव्हती, आणि फेब्रुवारीत कळवूनही कोणी आलं नाही, त्यामुळे भिंत काळी पडली. एवढंच तर लिहिलंय मी!"

बघा हं. तिच्या मराठीत सगळं आहे. 'म्हणून' आहे, 'त्यामुळे' आहे, 'कळवूनही' आहे. या 'ऊनही'त अख्खा 'ऑलदो' बसलेला आहे, आणि तो साधा प्रत्यय आहे, उभयान्वयी अव्ययसुद्धा नाही. कोणामुळे काय झालं, कोणी काय करायला हवं होतं, सगळं एका श्वासात. इंग्रजीत उतरताना या तिघांचंही 'अँड' झालं. 'अँड' काय करतो? दोन गोष्टी शेजारी ठेवतो आणि बाजूला होतो. त्यांचं आपसात नातं काय हे वाचणाऱ्यानं ठरवायचं. आणि इथे वाचणारा सहाशे पौंड कापायला बसलेला होता. त्यानं आपल्या सोयीचं नातं जोडलं: खिडकी बंद ठेवली, *म्हणून* भिंत काळी.

मी तिला विचारलं, 'बिकॉज' का नाही लिहिलंस? ती बी.कॉम. आहे, पुण्यात दहा वर्षं हिशेबाचं काम केलेली आहे, इंग्रजी वाचते उत्तम. ती म्हणाली, "चुकेल की काय असं वाटलं. 'अँड'मध्ये चुकायला काही नसतं."

हे मी बऱ्याच जणींकडून, आणि जणांकडूनही, ऐकलं आहे. 'ऑलदो', 'सिन्स', 'अनलेस' जवळ गेलं की कुठेतरी रेघ ओढली जाईल ही शाळेतली धास्ती. मग सगळं 'अँड'वर. व्याकरणाच्या दृष्टीनं 'अँड' सगळ्यात बिनधोक शब्द आहे, आणि भांडणाच्या पत्रात सगळ्यात धोक्याचा. चुकीच्या जागी 'बट' पडलेलं "ऑलदो वी रिपोर्टेड इट, बट नोबडी केम" हे वाक्य परीक्षेत अर्धा गुण घालवेल, पण दोष कोणाचा हे ते अचूक सांगतं. "वी रिपोर्टेड इट अँड नोबडी केम" निर्दोष आहे आणि निम्मं मुकं आहे.

आम्ही पत्र पुन्हा लिहिलं. स्वयंपाकघरात, तिची डाळ शिजेपर्यंत. "वी कुड नॉट ओपन द विंडो बिकॉज द हँडल वॉज ब्रोकन. ऑलदो वी रिपोर्टेड धिस इन फेब्रुवारी, नोबडी केम टू रिपेअर इट." ती म्हणाली, "'नोबडी'च्या आधी 'बट' टाकू?" मी म्हटलं, नको. ती म्हणाली, "मोकळं मोकळं वाटतंय गं तिथे." मला तेव्हाच या लेखाचा विषय मिळाला.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांसाठी एक माहिती इथेच देऊन टाकते, कारण अनेकांना ती नसते. इंग्लंड आणि वेल्समध्ये एप्रिल 2007 पासून नेहमीच्या खासगी भाडेकरारातलं डिपॉझिट सरकारमान्य योजनेत सुरक्षित ठेवणं घरमालकावर बंधनकारक आहे. घर सोडताना वाद झाला तर योजनेतर्फे तो विनाशुल्क निवाड्याला नेता येतो. डिपॉझिट भाडेकरूचं धरलं जातं, आणि कपात का करायची हे मालकानं सिद्ध करायचं असतं. मात्र हा निवाडा कागदांवर होतो. तिथे तुमचा चेहरा कोणी बघत नाही, आवाज कोणी ऐकत नाही, हातवारे तर नाहीतच. करार, फोटो, ईमेल आणि तुमची वाक्यं, एवढंच. समोरासमोर बोलताना 'अँड अँड' करूनही माणूस निभावून नेतो, कारण भुवया आणि हात उरलेलं नातं जोडत असतात. कागदावर ते काम शब्दांनाच करावं लागतं.

मैत्रिणीचे बरेचसे पैसे परत आले. ती म्हणते, फेब्रुवारीच्या त्या जुन्या ईमेलमुळे आले. खरं आहे, पुरावा तोच होता. पहिल्या पत्रातही तो होता, फक्त एका 'अँड'च्या मागे उभा असल्यामुळे कोणाला दिसला नाही.

जोडशब्दांवरून पैशांचे वाद मोठ्या माणसांचेही होतात. अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या ओकहर्स्ट डेअरीच्या ड्रायव्हरांचा खटला आमच्या तिकडच्या वाचकांना आठवत असेल. कोणत्या कामांना ओव्हरटाइम मिळणार नाही याची कायद्यात लांबलचक यादी होती आणि तिच्या शेवटी 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्युशन' असे शब्द होते. 'ऑर'च्या आधी स्वल्पविराम नव्हता. मग हा 'ऑर' जोडतो काय? रवानगीसाठी किंवा वितरणासाठी केलेलं पॅकिंग, असा 'शिपमेंट' आणि 'डिस्ट्रिब्युशन' हे दोनच शब्द जोडतो? की पॅकिंग हे एक काम आणि वितरण हे दुसरं, असा यादीतली दोन कामं जोडतो? ड्रायव्हर वितरण करत होते, पॅकिंग नाही. पहिला अर्थ घेतला तर त्यांना ओव्हरटाइम मिळणार होता. 2017 मध्ये अपील कोर्टानं वाक्य संदिग्ध आहे असं मानून ड्रायव्हरांच्या बाजूनं कौल दिला, आणि पुढच्या वर्षी 50 लाख डॉलरवर तडजोड झाली. हे वाचून मी मराठीत करून बघितलं. 'रवानगीसाठी किंवा वितरणासाठी पॅक करणे' आणि 'रवानगीसाठी पॅक करणे किंवा वितरण करणे.' गोंधळच नाही! आपले प्रत्यय 'किंवा'ला इकडे तिकडे बघूच देत नाहीत. मेनमधले कायदे मराठीत लिहावेत अशी सूचना मी इथून करते.

एका वाचक आजोबांनी पत्रानं विचारलं आहे की नातीच्या गोष्टीत वाक्यं 'अँड'नं आणि 'बट'नं सुरू होतात, हे आमच्या वेळी चूक होतं, आता बरोबर झालं का? आजोबा, ते तेव्हाही चूक नव्हतं. 1611 साली छापलेल्या किंग जेम्स बायबलचा पहिलाच अध्याय उघडून बघा, जवळजवळ प्रत्येक ओवी 'अँड'नं सुरू होते. शाळेत मनाई करतात ती मुलांनी प्रत्येकच वाक्य तसं सुरू करू नये म्हणून. मला स्वतःला त्यापेक्षा खुपतं ते मराठी वाक्याच्या सुरुवातीला येणारं "सो". "सो मी काय म्हणत होते..." 'तर' आहे की हो आपल्याकडे! "तर, मी काय म्हणत होते." किती छान टेकून बसायची जागा आहे ती. असो.

आता मुलांचं मराठी. तिथे हीच गोष्ट आरशात उलटी दिसते. आपण इंग्रजीत 'तर' घुसवतो, आणि मुलं मराठीतून 'तर' काढून टाकतात. इंग्रजीत अट मागे टाकता येते: "वी वोन्ट कम इफ..." मुलं तसंच मराठी बोलतात. शब्द सगळे मराठी, बांधणी सगळी तिकडची.

ऑगस्टमधल्या एका रविवारी माझी नऊ वर्षांची लेक साताऱ्याला आजीशी व्हिडिओवर बोलत होती. आजीनं विचारलं, दिवाळीला येणार ना? ती म्हणाली, "आजी, आम्ही नाही येणार..." आणि थांबली. पुढचा शब्द शोधत होती. त्या दोन-तीन सेकंदांत सासूबाईंचा चेहरा मी बघत होते. तीन वर्षांनी नातवंडं येणार म्हणून त्यांनी भाजणीचं गहू-तांदळाचं प्रमाणसुद्धा वहीत काढून ठेवलं होतं. त्यांनी पटकन सावरून घेतलं. "बरं हो बाळा. शाळा असेल. पुढच्या वर्षी या." तेवढ्यात लेकीला शब्द सापडला. "...जर बाबांना सुट्टी नाही मिळाली!" मागून सासऱ्यांचा आवाज आला, "अगं, पोरीचं वाक्य तरी संपू दे!"

लेकीचं चुकलं काय? इंग्रजीत तिचं वाक्य शंभर नंबरी होतं. पण मराठी माणूस आधी अट ऐकतो, मन तयार करतो, आणि मग बातमी घेतो. "बाबांना सुट्टी मिळाली नाही तर..." एवढं कानावर पडलं की आजीला कळलं असतं की हे 'तर'वर टांगलेलं आहे, अजून काही बिघडलेलं नाही. उलटं बोललं की ऐकणाऱ्याला बातमी आधी लागते आणि अट मागून येते. तिकडच्या आज्या हे रोज सोसतात आणि कोणाला सांगत नाहीत. "आम्हाला नाही आवडत..." "आम्ही नाही खाणार..." आणि पुढचं 'जर' नेटवर्कमध्ये अडकलेलं.

(सुट्टी मिळाली. हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा आम्ही साताऱ्यात असू.)

म्हणून सप्टेंबरपासून शनिवारच्या मराठी वर्गात आम्ही एक खेळ सुरू केला आहे. घरीही खेळता येईल, कंदील करताना किंवा गाडीत. एकानं पहिलं टोक द्यायचं आणि 'तर', 'तरी', 'म्हणून', 'तेव्हा', 'तोपर्यंत' यांपैकी एकावर थांबायचं. दुसऱ्यानं पुढचं वाक्य पुरं करायचं. इंग्रजीची फेरी वेगळी, त्यात दुसऱ्या टोकाला काहीही लावलं की बाद. दोन्ही फेऱ्या लागोपाठ घ्या, एकाच दिवशी, एकाच वहीत. मोठ्या माणसांनी इंग्रजीच्या फेरीत जरूर भाग घ्यावा, मुलांना फार आनंद होतो.

गेल्या शनिवारी सहा वर्षांच्या एका मुलाला 'जरी–तरी'ची चिठ्ठी आली. समोर फराळाचा नमुना म्हणून कोणीतरी आणलेली चकली होती आणि ती वाटून घ्या असं त्याला दोनदा सांगून झालं होतं. त्यानं बराच वेळ विचार केला आणि म्हणाला, "जरी ही चकली तुटली, तरी दोन्ही तुकडे माझे आहेत."